बेडीचं दुसरं कडं

कैद्याला बेडी घालण्याआधी उखा नाना त्याला एकच प्रश्न विचारायचे. "जेवाना हात कोनता तुना?"

बहुतेक जण गोंधळून जायचे. पोलिसांनी त्यांना आजवर पुष्कळ काही विचारलेलं असायचं, पण हे कधी नाही. मग कोणी भीत भीत उजवा हात पुढे करी. नाना म्हणायचे, "तो ऱ्हाऊ दे. डावा दे." डाव्या मनगटावर बेडीचं एक कडं बसायचं आणि दुसरं कडं नाना स्वतःच्याच उजव्या मनगटात अडकवून घ्यायचे.

मी नशिराबादहून नवा नवा जळगावच्या पोलीस मुख्यालयात भरती झालो, तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. माझी नेमणूक कैदी पार्टीवर झाली. तुरुंगातून कैदी काढायचा, ज्या गावच्या कोर्टात त्याची तारीख असेल तिथं न्यायचा, साहेबांपुढे उभा करायचा आणि परत आणून तुरुंगाच्या ताब्यात द्यायचा, हे पार्टीचं काम. पार्टीचे हवालदार उखा नाना. उंच, वाळलेले, पांढऱ्या मिशांचे. पारोळ्याकडच्या एका खेड्यातले. साहेबांपुढे शुद्ध बोलायचे आणि बाहेर आले की पुन्हा आपल्या खान्देशीवर यायचे.

बाकीचे हवालदार कैद्याच्या बेडीला दोर बांधून दोराचं टोक हातात धरत. नियमही तसाच होता. नाना मात्र स्वतःला अडकवून घेत. मी एकदा विचारलं, "नाना, हा दांडगा आहे. उडी मारली तर तुम्हालाही घेऊन जाईल."

"जाई ते जाई," नाना म्हणाले. "दोर ढोरले बांधतस, भाऊ."

एस.टी.त डाव्या बाजूचं तीन माणसांचं बाकडं आमचं ठरलेलं. खिडकीशी नाना, मध्ये कैदी, कडेला मी. एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे लोखंडाला हात लावायची सोय नसते. खिडकीतून ऊन मनगटावर आलं की कैदी कळवळायचा. म्हणून नाना जुन्या धोतराच्या पट्ट्या जवळ बाळगत आणि गाडीत बसायच्या आधी दोन्ही कड्यांना गुंडाळत. वरून आपला टॉवेल टाकत. टॉवेल उन्हासाठी आहे असं मला वाटायचं. पुढे लक्षात आलं, तो लोकांच्या नजरेसाठी होता. गाडीत शिरलेला माणूस आधी बेडी बघतो आणि मग चेहरा, आणि त्या चेहऱ्याकडे मग तो माणसाच्या चेहऱ्यासारखं बघतच नाही.

जेवणाच्या वेळी मोठी गंमत व्हायची. कैद्याचा उजवा हात मोकळा. तो निवांत भाकरी मोडायचा. नानांचा मात्र जेवायचा हातच अडकलेला. त्यांनी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीचा घास उचलला की कैद्याचा डावा हातही त्यांच्या तोंडापर्यंत जायचा. समोरच्या बाकड्यावरची पोरं खिदळायची. कैदीही कधी कधी हसायचा. नाना हसायचे नाहीत. सावकाश चावत, खिडकीबाहेर बघत राहायचे.

त्यांनी कोणत्याही कैद्याला कधी गुन्हा विचारला नाही. मी वॉरंटवरची कलमं वाचून सांगायला लागलो की हात वर करून थांबवायचे. "ते कोर्टनं काम. आपुन पोचाडनारा."

एका गोष्टीवरून मात्र लाईनीतले शिपाई त्यांची थट्टा करत. गाडी कुठल्याही स्टँडवर थांबली की नाना खिडकीतून मान बाहेर काढून बायकांकडे बघत. फलाटावर बसलेल्या, झाडाखाली निजलेल्या, भीक मागणाऱ्या. एरंडोल असो, पारोळा असो, धुळं असो. गाडी सुटेपर्यंत नजर फिरत राहायची. "म्हातारा रंगेल आहे," असं कोणी म्हणायचं आणि सगळे हसायचे. मीही हसत होतो. नाना पोलीस लाईनीतल्या एका खोलीत एकटेच राहत. घरी कोणी येत नसे, गावाला ते जात नसत. अशा माणसाबद्दल लोकांना काहीतरी बोलायला लागतंच.

मग चोपड्याचं ते काम निघालं.

तिथल्या एका तरुणाला मनोरुग्णालयात पोचवायचा कोर्टाचा हुकूम होता. आम्ही त्याच्या घरी गेलो तर तो गोठ्यात होता. खांबाला बैलाची साखळी आणि साखळीचं दुसरं टोक त्याच्या पायात. घोट्याभोवती जखम होती आणि तिच्यावर हळद भरलेली. म्हणजे घरच्यांची माया नव्हती असं नाही. त्याची आई दारात उभी राहून रडत होती. मोठा भाऊ म्हणाला, "साहेब, बेडी घाला. दोन्ही हातांना घाला. चावतो तो."

नाना गोठ्यात गेले. खाली शेणात बसले. भावाकडून किल्ली मागून घेतली, कुलूप काढलं, साखळी बाजूला केली. पोरगा उठला नाही. पाय तसाच लांब ठेवून बसला, जणू साखळी अजून आहेच. नानांनी त्याचा हात धरला. "चाल, बेटा. गाडीमा बसाले जाऊ."

बेडी त्यांनी पिशवीतून काढलीच नाही. मी म्हणालो, "नाना, काही झालं तर?" नाना पोराचा हात धरून चालू लागले. पोरगा गाडीत शांत बसला आणि थोड्या वेळानं नानांच्या खांद्यावर मान टाकून झोपला. चोपडा मागं पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. आणि नाना एकदम बोलायला लागले. माझ्याकडे बघून नाही, बाहेर बघत.

त्यांच्या बायकोचं नाव मंजुळा. दोन लेकरं जन्मतःच गेली आणि त्यानंतर तिचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. उठून चालू लागायची. नाना पार्टीवर, महिन्यातले कितीतरी दिवस बाहेर. गावाकडे भावांनी काही दिवस सांभाळलं आणि मग गोठ्यात बांधून ठेवलं. नाना रजेवर गेले तेव्हा त्यांनी ते पाहिलं.

"आठे, घोट्यावर," नाना म्हणाले आणि झोपलेल्या पोराच्या पायाकडे त्यांनी बोट केलं. "अशीच जखम व्हती. मी रोज लोकेसले बेड्या घालू, भाऊ. पन असं कधी दिसनं नही."

त्यांनी साखळी काढली आणि मंजुळेला जळगावला आणलं. लाईनीत ती बरी राहिली. स्वयंपाक करायची, शेजारणींशी बोलायची, दळण नीट करून ठेवायची. नानांची ड्युटी निघाली की शेजारी सांगायचे, जाताना बाहेरून कुलूप घाला. नानांनी घातलं नाही. एकदा अकोल्याची तारीख करून परत आले तर घर झाडलेलं, भांडी घासलेली आणि ती नाही. स्टँडवरच्या एका केळीवाल्यानं तिला धुळ्याकडच्या गाडीत चढताना पाहिलं होतं. त्यापुढं तिला कोणी पाहिलं नाही.

मला त्या स्टँडवरच्या बायका आठवल्या आणि मान वर करवेना.

"कुलूप लावलं असतं ते ती आज घरमा राहती, भाऊ," नाना म्हणाले. "हाई बी खरंच शे."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तुमचं काही चुकलं नाही, नाना."

"तुले काय माहीत?" ते म्हणाले. रागानं नाही. खरंच विचारल्यासारखं. मग पोराची घसरलेली मान त्यांनी पुन्हा खांद्यावर नीट ठेवली.

इतकं झाल्यावर माणूस आपल्याला जवळचा होईल असं वाटतं. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाना पूर्वीसारखेच. मी त्यांना सणाला घरी बोलवायचो, ते हो म्हणायचे आणि यायचे नाहीत. एकदा माझ्या आईनं डब्यात पुरणपोळ्या दिल्या. नानांनी डबा घासून, पुसून, त्यात मूठभर शेंगदाणे घालून परत केला. दारातूनच.

शालिक पळाला तो त्यानंतर काही वर्षांनी.

शालिक म्हणजे विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरणारा एक तरुण. गोड बोलायचा. विदर्भातल्या एका कोर्टात त्याची तारीख होती आणि आम्ही भुसावळ स्टेशनावर गाडीची वाट बघत होतो. दुपारची वेळ. तेवढ्यात त्याची बायको फलाटावर आली, कडेवर पाच-सहा महिन्यांची पोर घेऊन. शालिक तुरुंगात असताना झालेली. त्यानं ती अजून पाहिली नव्हती.

पोरीला बघितलं आणि शालिक रडायलाच लागला. एका हातानं तिला घ्यायला गेला, तर ती निसटायला लागली. डाव्या हाताबरोबर नानांचा हात ओढला जाई, पोर घाबरून मागं होई. "नाना," तो म्हणाला, "एका हातानं कशी धरू हो?"

नानांनी किल्ली काढली आणि त्याच्या मनगटाचं कडं उघडलं.

मी हे सगळं नळावरून पाहत होतो. पाण्याची बाटली भरत होतो. शालिकनं पोर छातीशी घेतली, तिचे पाय हातात धरून बघितले, तिच्या टाळूचा वास घेतला. ते खोटं नव्हतं. आज इतक्या वर्षांनीही मी ते खोटं होतं असं म्हणणार नाही. मग लांबून मालगाडीची शिट्टी आली. शालिक म्हणाला, "नाना, जरा धरा. डोळे पुसतो." आणि पोर नानांच्या हातात देऊन त्यानं रुळांवर उडी टाकली.

मी बाटली फेकून धावलो. पण मी फलाटाच्या कडेला पोचेपर्यंत मालगाडी मध्ये आली होती. डब्यांमागून डबे जात राहिले. गाडी संपली तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं.

मागं वळून पाहिलं तर नाना जिथं होते तिथंच उभे. दोन्ही हातांत पोर. उजव्या मनगटावरून बेडीचं उघडं कडं लोंबत होतं आणि पोरीनं ते मुठीत धरून तोंडात घालायचं चालवलं होतं. बायको खाली बसून कपाळ बडवत होती, "मले माहीत नव्हतं हो, साहेब, देवाशपथ मले माहीत नव्हतं." नाना तिच्याजवळ गेले. कडं पोरीच्या मुठीतून हळूच सोडवलं आणि पोर आईच्या मांडीवर दिली.

चौकशी झाली. मी साक्षीदार होतो, त्यामुळे समोरच उभा होतो. चौकशीचे साहेब तरुण होते. "बेडी का काढली?" या प्रश्नावर नाना म्हणाले, "त्याला पोर घ्यायची होती."

"आणि पळाला तेव्हा तुम्ही पाठलाग का केला नाही?"

"हातात लेकरू होतं, साहेब."

"खाली ठेवता येत नव्हतं?"

"गाडी येत होती, साहेब. फलाटाच्या कडेला कसं ठेवणार?"

साहेबांनी लिहून घेतलं. नानांना निलंबित केलं. संगनमत होतं की काय, याचाही तपास झाला आणि तसं काही निघालं नाही. त्या दिवसांत नाना लाईनीतल्या खोलीबाहेर फारसे दिसत नसत. कधी संध्याकाळी मेहरूणच्या तलावाकडे एकटे चाललेले दिसायचे. मी गाठून सोबत चालू लागलो की ते वेग कमी करायचे, कमी करायचे आणि शेवटी थांबून म्हणायचे, "तू जाय पुढे, भाऊ."

शालिक पुढे सुरतेला सापडला. त्याला जळगावच्या कोर्टात आणलं, तेव्हा नाना आपल्याच कामासाठी तिथं आले होते. व्हरांड्यात दोघं समोरासमोर आले. शालिकनं मान खाली घातली. मला वाटलं, नाना निदान एक शिवी देतील. नानांनी विचारलं, "पोर चालाले लागनी का?"

शालिक तोंड दुसरीकडे करून म्हणाला, "लागली म्हणे."

नाना पुन्हा कामावर आले, पण पार्टीवर नाही. त्यांना मुख्यालयाच्या कोठीवर बसवलं. कोठी म्हणजे सामानाची खोली. जुने कंदील, फाटके तंबू, मोडक्या सायकली. आणि मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात इंग्रजांच्या वेळच्या बेड्यांचा ढीग. पायात घालायच्या, मध्ये लोखंडी दांडा असलेल्या. गळ्यात अडकवायची कडी. चार-पाच माणसं एकत्र ओवायच्या लांब साखळ्या. नाना सगळ्यांना तेल लावून ठेवायचे. कोणी सांगितलं नव्हतं.

धुळ्याच्या एका कॉलेजातले इतिहासाचे प्राध्यापक परवानगी काढून ते लोखंड बघायला आले होते. भला माणूस. नानांशी फार आदरानं बोलले. एकेक वस्तू हातात घेऊन त्यांनी सांगितलं, की आफ्रिकेतल्या माणसांना धरून जहाजांतून विकायला नेत, तेव्हा याच पद्धतीच्या बेड्या असत. एकाचा उजवा पाय दुसऱ्याच्या डाव्या पायाला बांधायचे. महिना-दोन महिने तसंच जहाजाच्या तळाशी ठेवायचे. गुलामगिरी गेली, पण कारखान्यातले साचे राहिले. मग त्याच धाटणीच्या बेड्या तुरुंगांसाठी, काळ्या पाण्याच्या कैद्यांसाठी, आणि आपल्याकडे ज्या जातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या त्यांच्यासाठी आल्या.

नाना लक्ष देऊन ऐकत होते. "मग संगे पार्टी कोनती व्हती?" त्यांनी विचारलं.

प्राध्यापकांना कळलं नाही. मी समजावलं, की त्यांना पोचवणारे शिपाई कोण होते, असं नाना विचारतायत.

"होते ना पहारेकरी. बंदुका घेऊन वर असायचे."

"त्या बांधेल नव्हता?"

"नाही, नाही. ते मोकळे. बांधलेले फक्त एकमेकांना."

नानांनी हातातल्या जोडबेडीचं दुसरं कडं उचललं. "आनि त्यामातला एक मरना ते?"

प्राध्यापक चष्मा पुसत म्हणाले, "दुसरा तसाच पडून राहायचा. कोणी येऊन खोलेपर्यंत."

नानांनी बेडी खाली ठेवली. मग ढिगातून त्यांनी एक लहानसं कडं काढलं. ते त्यांना आधीच सापडलेलं असावं, कारण फडक्यात वेगळं गुंडाळलेलं होतं. त्यांची दोन बोटं कशीबशी त्यात जात होती. प्राध्यापकांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हे लहान मुलाचं दिसतंय." प्राध्यापक जाताना नानांना नमस्कार करून गेले. त्या दिवशी नानांनी डबा उघडला नाही.

नव्वदच्या दशकात वरून हुकूम आला, की कोर्टाच्या परवानगीशिवाय कैद्याला बेडी घालायची नाही. लाईनीत मोठी बोंब झाली. पळाला तर नोकरी आमची जाणार, असं जो तो म्हणे. कोणीतरी कोठीच्या दारात येऊन नानांना चिडवलं, "नाना, तुमचंच ऐकलं की वरच्या कोर्टानं!"

नाना हसले नाहीत. "आते हातमा हात धरना पडी," म्हणाले. आणि झालंही तसंच. कोर्टाच्या आवारात शिपाई कैद्याच्या बोटांत बोटं अडकवून चाललेले दिसू लागले. पहिल्या पहिल्यांदा आम्हा सगळ्यांनाच लाज वाटायची. परक्या माणसाचा तळहात घामेजलेला असतो, थरथरतो, कधी गच्च धरतो. लोखंड मध्ये होतं तोवर हे आम्हाला कधी कळलं नव्हतं. नानांना कळलं असतं, पण त्यांना पुन्हा पार्टीवर कोणी पाठवलं नाही.

कोठीतलं जुनं लोखंड लिलावात भंगारवाल्याकडे गेलं. त्याच सुमारास नाना निवृत्त झाले. निरोपाला हार, नारळ, दोन भाषणं. नानांना बोलायला सांगितलं तर ते उभे राहिले, सगळ्यांकडे पाहिलं, "बठ्ठा सुखी ऱ्हा" म्हणाले आणि बसले. मेहरूणकडे एका वस्तीत त्यांनी खोली घेतल्याचं कळलं. मी दोनदा गेलो. एकदा भेटले, चहा केला. दुसऱ्यांदा दार बंद होतं.

मग बरेच महिने मध्ये गेले. एका कैद्याची वैद्यकीय तपासणी करून घ्यायला मी सरकारी दवाखान्यात गेलो होतो. काम झालं, कैद्याला जोडीदाराबरोबर पुढे पाठवलं आणि व्हरांड्यातून जाताना वॉर्डात सहज नजर गेली. खिडकीजवळच्या खाटेवर नाना होते. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. एका हाताला सलाईन. आणि दोन्ही मनगटं पांढऱ्या पट्टीनं खाटेच्या दांड्यांना बांधलेली.

मी आत गेलो आणि काही न विचारता गाठ सोडायला लागलो. सिस्टर धावत आली. तरुण मुलगी होती, दमलेली. "अहो, काय करताय? तापात सुई उपटून टाकतात ते. दोनदा रक्त आलं. एवढ्या मोठ्या वॉर्डात मी एकटी आहे."

"माझे हवालदार आहेत ते," मी म्हणालो.

तिनं माझ्या वर्दीकडे पाहिलं. आवाज खाली आला. "त्यांचं कोणीच येत नाही. जवळ कोणी बसणारं असेल तर सोडते मी."

मी स्टूल ओढून बसलो. तिनं पट्ट्या सोडल्या. नानांचा सुई लावलेला हात मी माझ्या दोन्ही हातांत धरला. नानांनी डोळे उघडले, मला ओळखलं की नाही सांगता येत नाही, पण हात काढून घेतला नाही. सलाईन थेंब थेंब पडत राहिलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको पंख्यानं वारा घालत होती, तिनं मध्येच नानांकडेही दोन-चार वेळा पंखा फिरवला. मी नानांना लाईनीतल्या गोष्टी सांगत होतो. कोणाची बदली झाली, कोणाच्या पोरीचं लग्न ठरलं. ते ऐकत होते की झोपले होते, देव जाणे. एकदाच म्हणाले, "गावनी गाडी लागनी का?"

"नाही अजून," मी म्हणालो.

ऊन खिडकीतून भिंतीवर सरकलं. मला संध्याकाळच्या गाडीनं कैदी घेऊन नागपूरकडे निघायचं होतं. मी उठलो तसे नानांचे डोळे उघडले आणि त्या वेळी मात्र ते स्वच्छ होते.

"ड्युटी शे का?"

"हो, नाना."

"जाय मग. गाडी चुकी जाई."

मी सिस्टरला हाक मारली. ती पट्टी घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता नानांचं मनगट दांड्याला बांधू लागली. वयस्कर माणूस, त्यात माझ्यासमोर. तिचे हात अवघडले होते. गाठ तिनं सैलच मारली.

नाना तिच्याकडे बघत होते. हळूच म्हणाले, "ढिली नको बांधू, बेटा. सुटनी ते तुले बोलतीन."

तिनं गाठ पुन्हा मारली. मी टोपी घातली आणि वॉर्डाबाहेर पडलो.